माणसाचा पहारा दोन तासांचा: मनाची ओढ देवाकडे वळवण्याची पंधरा दिवसांची रीत

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की देवळातली वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. सात दिवसांचे १६८ तास. वीणा गळ्यात घेऊन नाम घेत उभं राहायची पाळी म्हणजे पहारा. तो दोन तासांचा धरला तर ८४ पहारे. कुणी कितीही भाविक असो, एकट्यानं हे जमत नाही. दीड तास झाला की पोटऱ्या भरून येतात, पट्टा खांद्याला काचायला लागतो आणि डोळे आपोआप दाराकडे वळतात, पुढचा पहारेकरी आला का बघायला. म्हणून त्याची भक्ती कमी पडली असं गावात कुणी म्हणत नाही. पहारा बदलतो, वीणा चालू राहते.

घरात मात्र हा हिशेब कुणी धरत नाही. नवऱ्यानं, बायकोनं, लेकानं, लेकीनं १६८ च्या १६८ तास एकट्यानं उभं राहावं असं वाटत राहतं, आणि तो दमला की ‘याचं माझ्यावर प्रेमच नाही’ असा निकाल आपण देऊन टाकतो. पुढची रीत आहे ती याच घोळासाठी: एक वही आणि रोज संध्याकाळी थोडा हरिपाठ. माणसावरचं प्रेम कमी करायचं नाही. त्याच्या खांद्यावरचा जो भार त्याचा नव्हताच, तेवढा उचलून जिथला तिथं न्यायचा आहे.

मराठवाड्यात अशी घरं गल्लीगणिक आहेत. लेक चाकणला कंपनीत, सून-नातू तिकडंच. बीडकडं ऊसतोडीला जोडपं गेलं की दिवाळीनंतर सहा-सहा महिने लेकरं आजीपाशी. माळवदाच्या घरात माणसं दोन, खोल्या पाच. आणि भरल्या घरातही असतातच एकटी माणसं, त्यांचं कुणाच्या ध्यानात येत नाही एवढंच. दिवसभर शेत, गुरं, बाजार यात वेळ निघून जातो. जड जाते ती दिवेलागण. चुलीवर भाकरी टाकलेली असते, फोन परातीच्या बाजूला पालथा पडलेला असतो आणि पीठ लागलेल्या हातानं तो दर पाच मिनिटांनी उलटून बघितला जातो. रीत याच वेळेला लावायची आहे, कारण भूक याच वेळेला लागते.

आधी वही, मग टाळ

बहुतेक जण इथंच चुकतात. मन दुखलं की थेट देवासमोर बसतात, आणि तासभर देवाला सुनेच्या तक्रारी सांगून उठतात. उठल्यावर सून तीच, तक्रारही तीच.

म्हणून पहिल्या दिवशी शंभर पानी वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडं ‘माणसाकडं’, उजवीकडं ‘देवाकडं’. ज्या माणसाची सगळ्यात जास्त वाट बघता त्याचं नाव वर लिहा. एका पानावर एकच नाव. मग त्याच्याकडून जे जे हवंय ते सगळं आधी एका वेगळ्या चिठ्ठीवर उतरवा, लाज न बाळगता. साधारण दहा-बारा गोष्टी निघतात. त्यापेक्षा कमी निघाल्या तर तुम्ही अजून खरं लिहिलेलं नाही.

आता एकेक गोष्ट घेऊन तीन प्रश्न विचारा. हे त्या माणसाच्या हातात आहे का? हे त्याला एका वाक्यात सांगता येईल का? आणि त्यानं ते केलं तर माझं समाधान होईल, की लगेच दुसरं काही हवं होईल? तिन्हींची उत्तरं जमली तर डावीकडं, एखादं जरी अडलं तर उजवीकडं.

‘रविवारी रात्री आठनंतर फोन करावा’ हे सरळ डावीकडं. ‘बीपीच्या गोळ्या संपायच्या आधी आणून द्याव्यात’ हेही डावीकडं. ‘मी न सांगता त्यानं माझ्या मनातलं ओळखावं’ उजवीकडं, कारण ते कुणाच्याच हातात नाही; तुमच्या मनातलं तुम्हालाही धड ठाऊक नसतं. ‘मला सोडून कधी जाऊ नये’ हे तर उजवीकडंच. माणूस मरतो, ते वचन कुणी पाळू शकत नाही. सगळ्यात अडचणीची असते ती ‘मी केलेल्या कष्टांची किंमत कळावी’ ही गोष्ट. तिचे दोन तुकडे करा. ‘कधीतरी एकदा तरी बरं बोलावं’ डावीकडं. ‘सगळं, पहिल्यापासून, जसं घडलं तसं कुणीतरी जाणावं’ उजवीकडं. त्या पहाटे, त्या उपाशी झोपलेल्या रात्री तुमच्या लेकानं पाहिलेल्या नाहीत, तो जन्मलाही नव्हता. त्याला त्या कळणार कशा?

यादी लावून झाली की सहसा उजवी बाजू डावीपेक्षा लांब निघते. बघून धक्का बसतो. एवढं सगळं आपण एका माणसाकडून मागत होतो!

डाव्या बाजूचं काम तोंडानं करायचं आहे, जपानं नाही. पंधरा दिवसांच्या आत, एका वेळी एकच गोष्ट, टोमणा न मारता. आपल्याकडं हे अवघड जातं. ‘काऊन रे, मेले का जिती हाय ते तरी बघत जा’ असं म्हटलं की मागणं पोचत नाही, फक्त टोचणी पोचते, आणि पुढचा फोन आणखी आठ दिवस लांबतो. त्याऐवजी एवढंच: ‘बाळा, रविवारी तुझा फोन आला की माझा आठवडा बरा जातो. करशील का?’ आणि मग गप्प बसायचं. त्यानं हो म्हटलं तर पुढं ‘बघू किती दिवस करतो’ हे शेपूट जोडायचं नाही.

हा डावा रकाना कमी दर्जाचा समजू नका. पैठणच्या एकनाथांचा मुलगा हरिपंडित बापाशी मतभेद होऊन काशीला निघून गेला होता. बापानं प्राकृतात, म्हणजे मराठीत, पुराण सांगावं, कुणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटत नव्हतं. नाथचरित्रात येतं ते असं की नाथ ‘पांडुरंग बघून घेईल’ म्हणून वाड्यात बसून राहिले नाहीत. स्वतः काशीला गेले, मुलाच्या दोन अटी मान्य केल्या (परान्न घ्यायचं नाही, प्राकृतात पुराण सांगायचं नाही) आणि त्याला घरी आणलं. नाथांसारख्या बापाच्या प्रेमानंही मुलाचं मन वळलं नव्हतं, ही गोष्ट ज्यांची लेकरं दुरावली आहेत त्यांनी जरूर ध्यानात ठेवावी. तुमच्या प्रेमात खोट होती म्हणूनच लेकरू गेलं, असं दर वेळी नसतं.

काही गोष्टी दोन्ही रकान्यांत बसत नाहीत. नवरा मारतो, उपाशी ठेवतो, पगार हिसकावून दारूत घालतो, तर ती प्रेमाची मर्यादा नव्हे, तो गुन्हा आहे. तिथं आधी १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर, नाहीतर पोलिसांसाठी ११२. हरिपाठ नंतरही आहेच. तसंच दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव द्यावासा वाटतो, असं असेल तर त्याला ‘देवाची ओढ’ समजून बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. डॉक्टरच्या गोळीनं नामाला बाट लागत नाही.

सामान आणि वेळ

हरिपाठाची छोटी पुस्तिका लागते. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग असतात, बऱ्याच पुस्तकांत फलश्रुतीचा धरून २८ छापलेले असतात. २८ वालीच घ्या, पुढं हिशेबाला बरी पडते. अक्षर मोठं बघून घ्या; दिवेलागणीच्या उजेडात बारीक अक्षर वाचताना चाळिशी ओलांडलेल्यांचा सगळा जीव अक्षरातच जातो. एक निरंजन, फुलवात, तूप. बसायला घोंगडी. एवढ्यावर भागतं. टाळ असला तर चांगलं, नसला तर मांडीवर हात पुरे. पेटी, स्पीकर यातलं काही नको.

तुळशीची माळ गळ्यात नाही म्हणून थांबू नका. माळ घालणं म्हणजे मांसाहार-दारू सोडणं, एकादशी, वारी असे नेम आले, ते कुणा अधिकारी माणसाकडून आणि विचार करून घ्यायचे. हरिपाठ म्हणायला तशी कुठलीच अट नाही. सोयर-सुतकाचं विचाराल तर नामाला ते नसतं असं वारकरी मानतात, पण घरातल्या थोरांचं मन मोडून पहिल्याच दिवशी वाद काढू नये.

जागा रोजची एकच ठेवा. तुळशीवृंदावन असेल तर त्याच्यापाशी, नाहीतर देवळीसमोर. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडं संध्याकाळी घरात पत्रा तापलेला असतो, तेव्हा सरळ अंगणात बसा. घामानं चिकचिकलेल्या अंगाला नामात लक्ष लावायला सांगणं फुकट आहे.

वेळ जेवणाआधीची. जेवल्यावर बसलं की पाचव्या अभंगाला मान लवंडते, आणि मग ‘माझं मन लागत नाही’ अशी तक्रार होते. मन नाही, भाकरी जड झालेली असते.

फोन दुसऱ्या खोलीत. ज्याच्या फोनची वाट असते त्याला वेळ आधीच सांगून ठेवा: ‘सात ते साडेसात मी हरिपाठाला असते.’ तरी वाजलाच तर? चालू अभंग पुरा करा आणि उठून फोन घ्या. एका अभंगाला मिनिटभरही लागत नाही. कटला असेल तर लावा. लेकराचा फोन हे विघ्न नव्हे. फोनची वाट बघत हरिपाठ म्हणणं हे विघ्न आहे. पंधरा दिवसांत या दोन गोष्टींतला फरक अंगाला कळतो.

रोज दोन अभंग

एका एकादशीला सुरू करा, पुढच्या एकादशीला थांबा. मध्ये चौदा-पंधरा दिवस मिळतात. पहिल्या दिवशी फक्त पहिले दोन अभंग. दुसऱ्या दिवशी ते दोन आणि नवे दोन. असं रोज दोन वाढवत गेलं की चौदाव्या दिवशी २८ पुरे होतात. पहिल्याच दिवशी सगळा हरिपाठ म्हणायला बसलेली माणसं चौथ्या दिवशी दिसत नाहीत.

सुरुवातीला ‘रामकृष्ण हरी’ अकरा वेळा, दिवा लावता लावताच. मग अभंग. प्रत्येक चरणाच्या मध्यावर श्वास सुटू द्या. घाई झाली की दोन चरण एका श्वासात जातात आणि शब्द तोंडातच विरघळतात. दर अभंगानंतर ध्रुपद, म्हणजे ‘हरि मुखे म्हणा’ची ओळ, एकदा म्हणा. ती विश्रांती आहे. पूर्ण हरिपाठाला साधं म्हटलं तर वीस-पंचवीस मिनिटं, चालीवर टाळ धरून म्हटलं तर चाळीसच्या पुढं. पहिल्या आठवड्यात चाल नको. चालीत गोडी आहे, आणि त्या गोडीत अर्थ निसटून जातो.

वाचता येत नसेल तर ऐकून पाठ करा. मराठवाड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना अक्षरओळख नाही आणि अख्खा हरिपाठ तोंडपाठ आहे. नातवाला पुस्तक धरायला बसवा. तो एक चरण वाचेल, तुम्ही मागून म्हणा. त्याच्या चुका सुधारायला जाऊ नका, नाहीतर दोन दिवसांत त्याला अभ्यास आठवतो. मोबाईलवर लावून त्याच्यामागं पळायचं मात्र टाळा. तो थांबत नाही, आणि थांबायचं कुठं ते तुमचं तुम्हाला ठरवायचं आहे.

अभंग संपले की वही उघडा. उजव्या रकान्यातली एकच ओळ घ्या, रोज वेगळी, आणि ती विठ्ठलाला मोठ्यानं सांगा. ‘तू’ म्हणून. ‘हे परमेश्वरा, आपण’ असं भाषण नको. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिलेली. आई गेली, बाप गेला, आता तूच सांभाळ असं तिनं विठ्ठलाला सरळ सांगितलं, आणि रागाच्या भरात ‘विठ्या’ म्हणून शिव्याही दिल्या. नामदेवांनी तर तू पतितपावन नसशील तर मी हा चाललो माघारी असं म्हणून दारातूनच दटावलं. संतांना चाललं ते तुम्हालाही चालेल. रडू आलं तर येऊ द्या. आवाज शेजारी जाईल अशी भीती वाटत असेल तर त्या वेळी हातात टाळ ठेवा, टाळाखाली सगळं झाकतं.

आणि मग सगळ्यात अवघड भाग: गप्प बसणं. पहिल्याच अभंगात देवाच्या दारात क्षणभर उभं राहायला सांगितलंय, तो क्षण हाच. निरंजनाच्या ज्योतीकडं बघत अकरा सावकाश श्वास मोजा. मागणं नाही, नाम नाही, वही बंद. ज्योत वाऱ्यानं कलते, फुलवातीच्या टोकाला काजळीचा लाल ठिपका धरतो, तूप कडेनं आत सरकतं, एवढंच बघा. पहिल्या दिवशी चौथ्या श्वासाला दूध उतू जायची आठवण होते. हरकत नाही, दूध उतरवून या आणि पहिल्यापासून मोजा.

काय बिघडतं

एक बिघाड फार मोठ्या प्रमाणावर दिसतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबू. रुसवा भक्तीचं पांघरूण घेऊन बसतो. सातव्या-आठव्या दिवशी सुनेसमोर किंवा फोनवर वाक्य निघतं, ‘आता आमचं काय, आमचं सगळं पांडुरंगाकडं.’ ऐकायला वैराग्य, आत टोमणा. ओळखायची खूण सोपी आहे: हे वाक्य कुणीतरी ऐकावं म्हणून म्हटलेलं असतं. घर रिकामं असताना कुणी ते म्हणत नाही. याच बिघाडात टाळाचा आवाज नेमका सून टीव्ही लावते तेव्हा वाढतो, एकादशी नेमकी तिच्या माहेरचे पाहुणे येतात तेव्हा कडक होते. इलाज असा की पंधरा दिवस आपल्या नेमाबद्दल घरात चकार शब्द काढायचा नाही. कुणी विचारलंच तर ‘दोन अभंग म्हणते’ एवढंच. आणि टोमणा निघूनच गेला तर त्याच्या मागं कुठली मागणी लपली होती ती शोधून डाव्या रकान्यात लिहायची. ती तिथलीच असते.

याच्या उलट टोकाचा बिघाड गोरोबा कुंभारांच्या गोष्टीत आहे. तेरला कुणालाही विचारा, सांगेल: गोरोबाकाका नामात दंग होऊन माती तुडवत होते आणि रांगत आलेलं मूल पायाखाली गेलं. आपण या गोष्टीच्या शेवटाला, मूल परत मिळालं त्याला, हात जोडतो. पण त्या माउलीनं पाण्याला जाताना ‘लेकराकडं बघा’ म्हणून सांगितलं होतं, हेही त्याच गोष्टीत आहे. तुमच्या घरी मूल परत मिळायचं नाही. हरिपाठाच्या वेळेला घरात आजारी माणूस असेल, चुलीजवळ लेकरू असेल, तर आधी ते बघा. अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलताना म्हटलेले दोन अभंग हिशेबात पूर्ण धरायचे.

तिसरा म्हणजे सौदा. ‘देवा, पंधरा दिवस हरिपाठ म्हणते, पोराला घरी आण.’ तुळजापूरला नवस बोलायची आपल्याकडं जुनी रीत आहे, ती खुशाल चालू ठेवा, पण नवसाचं खातं वेगळं ठेवा. सौदा केला की पंधराव्या दिवशी पोरगा आला नाही म्हणून पुस्तिका फडताळात जाते. आणि आला तरी जाते, कारण काम झालं! दोन्हीकडून नेम तुटतो.

चौथा बिघाड खरं तर बिघाड नाहीच, पण त्यालाच घाबरून बरेच जण सोडतात. साधारण दुसरा आठवडा लागला की नव्याचं नवेपण संपतं आणि काहीच वाटेनासं होतं. शब्द कोरडे, अकरा श्वास म्हणजे शिक्षा. कुणाकुणाला तर आधीपेक्षा जास्त एकटं वाटतं. कारण उघड आहे: आजवर ती हुरहूर फोन, टीव्ही, शेजारपाजार यात विभागली जात होती, आता तिला पळवाट नाही. वारकरी याला तळमळ म्हणतात आणि ती घालवायचा खटाटोप करत नाहीत. विरहिणी नावाचा अभंगांचा एक प्रकारच आहे, सगळा वाट बघण्याचा. ज्ञानदेवांच्या एका विरहिणीत कावळा ओरडला की आता पंढरीचा राणा येणार असा शकुन पाहिलाय, जसा आपल्याकडं पाहुण्यांचा पाहतात. म्हणजे वाट बघणं सुटत नाही, फक्त कुणाची बघायची ते बदलतं. अशा दिवशी अभंग वाढवू नका, कमीही करू नका, चाल मात्र आता लावून बघा. कोरड्या दिवसाला टाळ फार उपयोगी पडतो.

बाकी किरकोळ. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, देवाला चालतं. माळेनं जप करत असाल तर मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडू नका, उलटे फिरा. अंगठा आणि मधलं बोट वापरा, तर्जनी लावत नाहीत. ‘रामकृष्ण हरी’ची १०८ ची एक माळ सावकाश चार-पाच मिनिटांत होते, त्याहून फार लवकर होत असेल तर बोटंच पळतायत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट भरपाई नको, जिथं होतात तिथून पुढं चला. एखादं घर महानुभाव असेल तर तिथं चक्रधरस्वामींचं स्मरण आहे, मुसलमान घरात मगरिबची नमाज याच वेळेला असते. रीत आपापली घ्यावी, वही सगळ्यांना सारखीच लागू पडते.

पंधराव्या दिवशीची एकादशी

उपवास झेपेल तेवढाच. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं, दही एवढं पुरे. दोन वेळा साबुदाणा आणि वर बटाट्याचे वेफर्स हा उपवास पोटाला जेवणापेक्षा जड जातो. साखरेचा आजार असेल, इन्सुलिन चालू असेल तर उपवास करू नका, एका वेळचा चहा सोडा.

संध्याकाळी सगळा हरिपाठ एकदा म्हणा आणि वहीचं पहिलं पान पुन्हा उघडा. डाव्या रकान्यातलं काय काय खरंच बोलून झालं त्यावर खूण करा. एखाद-दुसरंच झालेलं असेल. उजव्या रकान्यातली एकही ओळ ‘मिळाली’ म्हणून खोडता येणार नाही, ती तशी खोडायची नसतेच. बघायचं ते वेगळंच: त्या पंधरा दिवसांत त्या माणसाशी बोलताना आवाज किती वेळा चढला, आणि फोन आल्यावर पहिलं वाक्य काय होतं. ‘आली का आठवण’ होतं की ‘जेवलास का’. एवढ्यावरून कळतं की भार उतरला की नुसता हलला. दुसरंच वाक्य असेल तर पुढच्या एकादशीपर्यंत नेम तसाच चालू ठेवा. पहिलंच असेल तर त्याच माणसाचं नाव घालून नवं पान काढा. पुन्हा यादी करा, तीच जुनी उतरवून काढू नका. पंधरा दिवसांनी मागण्या बदललेल्या असतात.

हे दोन-तीन एकादश्या टिकलं तर गावच्या नाहीतर शेजारगावच्या सप्ताहात पहाऱ्याला नाव द्या. दिवसाचे पहारे लगेच भरतात. नाव देताना रात्रीचा दोन ते चारचा मागा, तो रिकामाच असतो आणि पहारे लावणारा मनापासून खूश होतो. दहा मिनिटं आधी जा. थंडीचा सप्ताह असेल तर शाल, मफलर, पाण्याची बाटली. चपला बाहेर, पाय धुवून आत. आधी वीणेला, मग ती धरून उभ्या असलेल्या माणसाला नमस्कार करा, तोही वाकेल. पट्टा त्याच्या गळ्यातून सरळ तुमच्या गळ्यात येतो, वीणा मध्ये कुठं टेकवायची नाही. तार हलकी छेडा, नाम सावकाश घ्या. जोर लावला की अर्ध्या तासात घसा बसतो. दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून जागच्या जागी हळूहळू पाय बदलत राहा, नाहीतर पाऊण तासानं पोटऱ्यांत गोळे येतात. साडेतीनला झोप सगळ्यात जास्त येते, तेव्हा डोळे समईवर ठेवा. चारला काकड्याची मंडळी येतील, कुणीतरी समोर येऊन वाकेल. त्याच्या गळ्यात पट्टा घाला, नमस्कार करा आणि घरी जाऊन झोपा.